जुन्या गाडीचा गळका ब्रेक पाइप : ठिगळ नको, पाइपच बदला

आपल्या वऱ्हाडात कापडाचा, चपलांचा, भांड्यांचा किंवा किराण्याचा धंदा करणाऱ्यांचे अर्धे दुकान चाकांवर असते. नांदगाव पेठ रस्त्यावरच्या बिझीलँड, सिटीलँड या घाऊक मार्केटांतून माल उचलायचा आणि चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर, अकोट, बाळापूर अशा गावांच्या बाजारात नेऊन विकायचा, हा पुष्कळांचा रोजचा क्रम आहे. त्यासाठी सर्वांकडे नवी गाडी नसते. कोणाकडे वडिलांच्या वेळची ॲम्बॅसॅडर, कोणाकडे प्रीमियर पद्मिनी, कोणाकडे महिंद्राची जीप, कोणाकडे मारुतीची ओम्नी. पद्मिनी बनणे या शतकाच्या आरंभी थांबले, ॲम्बॅसॅडर २०१४ साली बंद झाली आणि ओम्नी २०१९ साली. मात्र नीट जपलेली जुनी गाडी अजून पोट भरते. तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

परंतु जुन्या गाडीत एक भाग असा आहे की जो दिसत नाही, आवाज करत नाही आणि बिघडला तर आधी सांगतही नाही. तो म्हणजे ब्रेक ऑइल वाहून नेणारा बोटापेक्षा बारीक पाइप. तो गळू लागला की आपल्याकडे सर्रास जुगाड केले जाते. कोणी एम-सील लावतो, कोणी डाग देतो, कोणी मधला तुकडा कापून रबरी नळी व क्लिप बसवतो. हे का चालत नाही, पाइप बदलण्याचे काम कसे व्हावे आणि गाडीवाल्याने गॅरेजमध्ये उभे राहून काय पाहावे, हे या लेखात मांडले आहे. गॅरेज चालवणाऱ्या कारागीर बंधूंनाही त्यातील काही गोष्टी उपयोगी पडाव्यात.

पाइपात दाब किती असतो?

बंद भांड्यातील द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा नियम फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितला. मोटारीचा ब्रेक त्याच नियमावर चालतो. पायाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या तेल ढकलतो. तो दाब पाइपांतून चारही चाकांच्या सिलिंडरांपर्यंत जातो आणि तेथे लायनर ड्रमला घासतात.

साधा हिसाब करून पाहा. पायाचा जोर २० किलो धरला आणि पेडलची दांडी तो पाचपट करते असे मानले, तर दट्ट्यावर १०० किलो जोर येतो. दट्ट्याचा व्यास २२ मिलिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे पाइपात दर चौरस सेंटिमीटरला २६ किलोच्या आसपास दाब तयार झाला. मोटारीच्या टायरमध्ये तो साधारण २ किलो असतो. समोर अचानक बैलगाडी आली आणि घाबरून ५० किलो जोराने पाय पडला, तर हाच दाब ६५ किलोच्या वर जातो.

टायरच्या तीसपट दाब एम-सीलच्या गोळ्याने किंवा क्लिप आवळलेल्या नळीने कसा थांबायचा? रोजच्या हलक्या ब्रेकला ते ठिगळ टिकते, म्हणून माणूस निर्धास्त होतो. ज्या क्षणी खरा ब्रेक लागतो त्याच क्षणी ते सुटते. आम्हा कापडवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर रफू शालीला चालतो, ब्रेकच्या पाइपाला चालत नाही.

एक पाइप फुटला की चारही चाके गेली

जुन्या आराखड्याच्या पुष्कळ गाड्यांत चारही चाकांना मिळून तेलाचा एकच मार्ग असतो. मागच्या डाव्या चाकाजवळ पाइप फुटला तरी सगळे तेल तेथूनच बाहेर पडते, पेडल तळाला जाते आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. पुढे मास्टर सिलिंडरचे दोन भाग करून दोन वेगळे मार्ग देण्याची पद्धत आली. एक फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी, हा त्यामागचा विचार. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना असे दोन मार्ग सक्तीचे झाले. आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे प्रत्येक मालकाने मेकॅनिकला विचारून ठेवावे. एकच मार्ग असेल तर दुप्पट सावध राहावे. त्या गाडीत ब्रेक गेल्यावर आधाराला फक्त हँडब्रेक उरतो. तो वेगळ्या तारेवर चालतो म्हणून तोही नेहमी चालू स्थितीत हवा.

आता रस्तेही बदलले आहेत. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ही आपल्या भागासाठी चांगलीच गोष्ट. पूर्वी खड्ड्यांमुळे ताशी ४० च्या वर न जाणारी जुनी गाडी आता सहज ८० ने धावते. मात्र वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला चौपट काम पडते. वर मालाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांवर बसलेला दुकानातला पोरगा. रस्ता नवा झाला, पण गाडीखालचा पाइप तोच जुना आहे, हे विसरू नये.

गळती कोठे आहे ते आधी शोधा

ब्रेक ऑइलच्या टाकीची पातळी लवकर लवकर उतरत असेल तर तेल टाकत राहणे हा इलाज नव्हे. लायनर झिजले की पातळी हळूहळू थोडी उतरते, ते साहजिक आहे. परंतु आठवड्याला तेल टाकावे लागत असेल तर ते कोठेतरी बाहेर जात आहे.

गाडी सपाट जागेवर रात्रभर उभी करून खाली पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग पाहावा. इंजिन ऑइल काळे असते, गिअर ऑइल दाट व उग्र वासाचे असते. ब्रेक ऑइल पातळ, बोटाला बुळबुळीत लागणारे, पिवळट किंवा तपकिरी असते आणि पाण्याने धुतले जाते. चाकाच्या आतल्या बाजूने टायर ओला असेल तर बहुधा व्हील सिलिंडर गळतो आहे. चेसीलगत किंवा मागच्या ॲक्सलवर ओल दिसली तर पाइप. चाकाजवळच्या रबरी होजवर फुगा किंवा बारीक भेगा दिसल्या तर होज. पेडलच्या मुळाशी ओल असेल तर मास्टर सिलिंडर.

दुसरी परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबावे आणि एक मिनिट तसेच धरावे. पाय हळूहळू खाली जात असेल तर दोनच गोष्टी संभवतात. तेल बाहेर गळत आहे, किंवा मास्टर सिलिंडरमधील रबर झिजून तेल आतल्या आत परत येत आहे. बाहेर कोठेच ओल नसेल तर दुसरे कारण समजावे.

पाइप कुजतो का?

बाहेरून कुजण्यात आपल्या काळ्या मातीचा मोठा हात आहे. पावसाळ्यात ती पाइपाच्या क्लिपांत, ॲक्सलच्या खाचेत जाऊन बसते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. पत्र्याला जो गंज चढतो तोच क्लिपखाली पाइपाला चढतो. वरून पाइप ठीक दिसतो, क्लिप काढली की चाळणी निघते. कोठे क्लिप तुटून गेलेली असते, मग पाइप चेसीला घासत राहतो. कोठे बॅटरीचे ॲसिड ठिबकते.

आतून कुजण्याचे कारण म्हणजे जुने तेल. नेहमीचे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. वर्षे गेली की तेलात पाणी साठते आणि पोलादाला आतून गंज लागतो. म्हणून एक पाइप फुटला तर त्याच वयाचे बाकीचे पाइपही एकाच वेळी तपासून घ्यावेत. शंका आल्यास बदलावेत. मजुरीचा मोठा भाग गाडी उचलणे, नट सोडवणे आणि हवा काढणे यात जातो. तो दोनदा देण्यापेक्षा एकदाच द्यावा.

माल घेताना

कापड घेताना आपण पन्हा, पोत, रंग पाहतो. पाइप घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, पाइपाची जात. ब्रेकसाठी दुहेरी थराचा खास पोलादी पाइप येतो. बहुतेक गाड्यांना तो ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटर जाडीचा लागतो. फ्रिजच्या कामाचा साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा, म्हणून काही जण तोच बसवतात. शुद्ध तांबे गाडीच्या हादऱ्यांनी हळूहळू कडक होते व तडकते. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूचा, ब्रेकसाठीच बनवलेला पाइप वेगळा. तो गंजत नाही व चालतो.

दुसरी, नटाचे आटे. ब्रिटिश आराखड्याच्या जुन्या गाड्यांत बहुधा इंची आटे असतात, इटालियन आराखड्याच्या गाड्यांत मिलिमीटरचे. ३/८ इंची नट आणि १० मिलिमीटरचा नट डोळ्यांना सारखेच दिसतात. एक दुसऱ्यात दोन-तीन आटे जातोही. मग पान्याने जोर केला की आटे मरतात आणि वीस रुपयांच्या नटापायी अख्खा सिलिंडर बदलावा लागतो. जुना नट सोबत नेऊन जुळवून घ्यावा.

तिसरी, पाइपाच्या तोंडाचा आकार, म्हणजे फ्लेअर. एक प्रकार आत दुमडलेल्या कर्ण्यासारखा, दुसरा बुडबुड्यासारखा गोल. ज्या बैठकीत तो बसतो त्याच आकाराचा हवा. एकाच्या जागी दुसरा आवळला तर आज थांबेल, उद्या गळेल.

चौथी, रबरी होजची वेळ. बंद झालेल्या गाड्यांचे सुटे भाग कित्येक दुकानांत वर्षानुवर्षे पडून असतात. लोखंडी भाग पडून राहिला तरी चालतो, रबर चालत नाही. ते न वापरताही कडक होते. वाकवून पाहावे. भेगा दिसल्या तर डब्बाबंद नवा असला तरी परत करावा.

काम कसे व्हावे

गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, जॅकच्या भरवशावर न ठेवता मजबूत लोखंडी स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. ड्रम उघडायचा असेल तर आतली धूळ तोंडाने किंवा हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते छातीत गेले की बाहेर निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावी.

गंजलेल्या नटांवर आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. सोडवताना साधा पाना नटाचे कोपरे खातो. पाइप सोडवण्याचा खास फ्लेअर पाना मिळतो, तो नटाला जवळजवळ चारही बाजूंनी धरतो. होजला जोडलेला नट सोडवताना होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाही तर होज पिळवटतो. सुटलेली तोंडे लगेच स्वच्छ टोपीने बंद करावीत.

जुना पाइप शक्यतो अखंड काढावा. तोच नमुना. लांबी मोजायला त्याच्या वळणांवरून दोरी फिरवून घ्यावी. नवा पाइप हॅक्सॉने न कापता पाइप कटरने कापावा. करवतीचा कीस आत राहिला तर तो सिलिंडरचे रबर फाडतो. कापलेली कड आतून साफ करावी, फुंकून घ्यावा आणि तोंड करण्याआधी नट पाइपात घालावा. घाईत नट घालायचा राहून गेला तर तोंड कापून पुन्हा सगळे करावे लागते. फ्लेअर दुहेरी दुमडीचा करावा. एकेरी कर्णा या दाबाला तडकतो. फ्लेअरवर चीर किंवा तिरकेपणा दिसला तर तो तुकडा कापून टाकावा, नशिबावर सोडू नये.

वळणे गोल वस्तूभोवती हळूहळू द्यावीत. चिमटलेला पाइप वापरू नये. बसवताना प्रत्येक नट आधी बोटांनी तीन-चार आटे फिरवावा, मगच पाना लावावा. पाइप पूर्वीच्याच मार्गाने न्यावा, सायलेन्सरपासून लांब ठेवावा आणि सगळ्या क्लिपा लावाव्यात. पुढचा होज बदलला असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो टायरला किंवा पत्र्याला लागत नाही ना, हे पाहावे. ज्या जोडाला तांब्याचे वॉशर असतात तेथे नवे घालावेत.

तेलाची जात

नेहमीच्या ब्रेक ऑइलवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते. ताजे डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळू नये आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत, असा नियम आहे. ओल शोषल्यावर हीच मर्यादा अनुक्रमे १४० व १५५ वर येते. धारणी किंवा चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम इतके तापतात की जुने तेल उकळू शकते. तेल उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल फुसकन खाली जाते. पाइप चांगला असूनही ब्रेक जातो. म्हणून पाइप बदलताना सगळे तेल नवे भरावे, पुढे दर दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

ब्रेकमध्ये इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल थेंबभरही जाऊ देऊ नये. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते आणि सगळे सिलिंडर उघडावे लागतात. याचे एक नामांकित उदाहरण परदेशात आहे. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ साली डीएस ही मोटार काढली. तिला नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी तेल आणि दाबलेल्या वायूचे गोळे होते. गाडी उचलून धरणे, ब्रेक आणि स्टिअरिंग हे सगळे दाबाच्या एकाच तेलावर चाले. आरंभीचे तेल ओल शोषणारे होते, त्यामुळे आतले भाग गंजत. म्हणून १९६६ च्या सुमारास कंपनीने हिरव्या रंगाचे खनिज तेल आणले आणि त्यासाठी रबरही वेगळे वापरले. तेव्हापासून लाल तेलाच्या गाडीत हिरवे किंवा हिरव्याच्या गाडीत लाल घातले की सगळे रबर वाया, ही गोष्ट त्या गाड्यांचे शौकीन आजही पाठ करून असतात. त्या गाडीचा पाइप फुटला की ती जमिनीला टेकते आणि मालकाला कळते. आपली गाडी बसत नाही. ती ऐटीत चालत राहते, आणि पाइप गेल्याचे थांबायच्या वेळीच समजते.

तेल बंद डब्यातलेच घ्यावे. बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये. तेल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे, ते रंग खाते.

हवा काढणे आणि परीक्षा

पाइप उघडला म्हणजे आत हवा शिरली. हवा दबते, तेल दबत नाही. म्हणून हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे लागते. साधारण मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने सुरुवात करावी. हवा काढण्याच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सोडावा, बुडबुडे व तेल येऊ द्यावे, निपल बंद करावा आणि मगच पहिल्याने पाय सोडावा. बुडबुडे थांबेपर्यंत असे करत राहावे. मधून मधून टाकी भरत राहावी. ती रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून. बाटलीत निघालेले तेल परत टाकीत ओतू नये.

शेवटी सगळे जोड फडक्याने कोरडे करावेत. पेडल पूर्ण जोराने एक मिनिट धरावे आणि प्रत्येक जोड बोटाने तपासावा. नंतर मोकळ्या जागी सावकाश वेगात ब्रेक लावून पाहावा. गाडी एका बाजूला ओढते का, तेही पाहावे. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पातळी व जोड तपासावेत. तोवर माल भरून बाहेरगावी जाऊ नये.

गाडीवाल्याने व कारागिराने

काढलेला जुना पाइप मालकाने मागून घ्यावा आणि कोठे कुजला ते पाहावे. कोणत्या जातीचा पाइप व तेल घातले ते बिलावर लिहून घ्यावे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्याने करावी लागते आणि पुढे दर पाच वर्षांनी. धंद्याच्या गाडीला फिटनेस वेगळाच. आरटीओच्या तपासणीच्या आदल्या दिवशी घाईत ब्रेक करून घेण्यापेक्षा हे काम वेळेवर झालेले बरे.

गॅरेजवाल्या बंधूंसाठी एक विचार. दुहेरी फ्लेअर करण्याचे चांगले हत्यार, पाइप कटर आणि दोन मापांचे फ्लेअर पाने एवढ्या सामानावर गाडीच्या मापाचा पाइप जागेवर तयार करून देता येतो. बंद पडलेल्या गाड्यांचे तयार पाइप दिवसेंदिवस दुर्मीळ होत जाणार, तसे हे काम येणाऱ्या कारागिराला गिऱ्हाईक लांबून शोधत येईल. आणि गिऱ्हाईक म्हणाले, "भाऊ, उद्या बाजार आहे, आजच्यापुरते काहीतरी बांधून द्या," तर अशा वेळी नाही म्हणणे हाच खरा हुन्नर. एक बाजार चुकला तर पुढच्या आठवड्यात दुसरा असतो. बाजाराच्या रस्त्यावर सायकल, बैलगाडी आणि शाळेतून घरी जाणारी पोरे असतात. गळक्या पाइपाची खबर फक्त मालकाला आणि मेकॅनिकला असते, त्यांना नसते.